वीस तारखेचा अंक उघडू नये

२२ जुलै, सकाळी साडेनऊ

ती. थोरल्या मामांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाच-सहा अंगं सध्या टाक्यांमुळे वाकत नाहीत, तेवढी कागदावर मानून घ्यावीत.) तुमची प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मागच्या कार्डात तुम्ही 'पत्र मिळाले. अक्षर सुधारा.' एवढंच लिहिलं होतंत, त्यावरून प्रकृती ठणठणीत असावी असं मी आईला सांगितलं. आईने ऐकत नसल्यासारखं दाखवत सगळं ऐकून घेतलं. आजीच्या आवाजाची ती कॅसेट पुसली गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांशी चकार शब्द बोललेला नाहीत, आणि तेव्हापासून तुमचा गुडघा तिला आणि तिचा रक्तदाब तुम्हाला कळवण्याचं खातं माझ्याकडे आहे. तक्रार नाही. पण आज पहिल्यांदाच त्या खात्याचा मला घाम फुटला आहे, म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. आमच्या दैनिकाचा वीस तारखेचा अंक आज दुपारी चारच्या टपालाने तुमच्याकडे येईल. कृपा करून तो उघडू नका. त्यातली शाई ओली राहिली आहे, हाताला लागते. शिवाय पान सहा चुकून जुनंच छापलं गेलं आहे. शिवाय त्या दिवशी विशेष काही घडलंही नाही. तरी तो अंक वेष्टनासकट हे पत्र आणणारा गाडीवाला टपाल येईपर्यंत थांबला तर त्याच्याजवळ, नाहीतर परत टपालाने, माझ्या नावावर पाठवून द्यावा.

(तुम्ही फोन उचलत असतात तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. पण आमचा नंबर दिसला की तुम्ही फोन उशीखाली ठेवता, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मागच्या वेळी तुम्ही तो बंद न करताच उशीखाली ठेवलात आणि मी तुमचं घोरणं वीस मिनिटं ऐकलं.)

आता तुमच्यासारख्या माणसाला, ज्याचं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलं आणि ज्याने एक वीतही कधी कुणाच्या शब्दावर सोडली नाही, त्याला तीन कारणं देऊन भागणार नाही हे मी जाणतो. एका गोष्टीला तीन कारणं दिली की तिन्ही खोटी, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो. माझं 'इतिहासात आज' हे सदर तुम्ही रोज वाचता. (बहिणीशी बोलत नाही, पण भाच्याचं सदर टपालाने मागवून, चुकांवर लाल शाईने खुणा करून परत पाठवता, याला काय म्हणावं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.) ते सदर कसं चालतं हे मात्र तुम्हाला माहीत नसेल. माझ्या टेबलाखाली चपलांची बारा खोकी आहेत, महिन्याला एक. प्रत्येक खोक्यात दिवसाला एक पाकीट. कुठे काही वाचलं, कात्रण मिळालं, की त्या त्या तारखेच्या पाकिटात टाकायचं. आदल्या दिवशी पाकीट उघडायचं, सात घटना निवडायच्या, साल घालून एकेका ओळीत बसवायच्या. सातच का, तर पान सहावर चौकटीत जागाच तेवढी आहे. जगात एखाद्या दिवशी पाचच गोष्टी घडल्या असल्या तरी आमच्याकडे सात घडाव्या लागतात.

माझा विसरभोळेपणा तुम्हाला ठाऊक आहे. (तुमच्या षष्ट्यब्दीला मी बरोबर एक वर्ष आधी हजर झालो होतो.) घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर मी बघत नाही, खिशातली डायरी धुण्यात जाते, पण ती पाकिटं मात्र मी रोज न चुकता उघडतो. म्हणून कधीतरी मी घरच्या गोष्टीही तिथेच टाकायला लागलो. टाकी कधी धुतली, आईचा चष्मा कधी बदलला, कुणाशी कशावरून वाजलं. आणि माणूस एकोणीस वर्षं एकच धंदा करतो तेव्हा हात दुसरं काही लिहायला तयार होत नाही. भाजीची यादीसुद्धा माझ्या हातून 'दोन किलो बटाटे घरी दाखल' अशी उतरते. तेव्हा त्या चिठ्ठ्याही सदराच्याच थाटात लिहिलेल्या, आधी साल, मग घटना, आणि आमच्या नियमाप्रमाणे माणसाचं नाव न घालता नुसतं नातं. कात्रणं आणि चिठ्ठ्या एकाच पाकिटात. मला काय, माझं मला कळत होतं. दुसरं कुणी ते खोकं उघडेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तेरा तारखेला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस रजा. संपादकांनी सदर आमच्या शब्दकोडीवाल्यांकडे सोपवलं. यांना ऑफिसात सगळे आडवे-उभे म्हणतात. माणूस सज्जन, टापटिपीचा, पण काय सांगू मामा, या माणसाला समोर रिकामा चौकोन दिसला की तो भरल्याशिवाय राहवत नाही, आणि कागदावर काही लिहिलेलं दिसलं की ते खरं असणारच यावर त्याचा ठाम विश्वास. मी त्यांना भूल चढायच्या आधी फोनवर एवढंच म्हणालो की सगळं पाकिटात आहे, जे आहे ते सालवार लावा. त्यांनी जे होतं ते सालवार लावलं. वर माझं शुद्धलेखनही सुधारलं.

चौदा जुलैला फ्रान्समधल्या लोकांनी १७८९ साली तुरुंगाचा किल्ला फोडला, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच्याच खाली आमच्या दैनिकाने छापलेलं तुम्ही एव्हाना वाचलंच असेल, '२०१२ : न्हाणीघराची कडी अडकल्याने दार फोडून सासरेबुवांची सुटका. जखमी एक.' सोळा तारखेला १९४५ सालच्या जगातल्या पहिल्या अणुस्फोटाच्या चाचणीखाली, '२०१७ : कुकरची शिट्टी छताला. वरच्या मजल्यावरून निषेध.' सतरा तारखेला, 'बायकोचा जन्म. (विसरू नये. गेल्या वर्षी विसरलो, परिणाम पाहावेत.)' आणि ही तारीख मी याही वर्षी विसरलो, कारण माझी आठवण खोक्यात होती आणि मी खाटेवर. सगळ्या गावाने तिला शुभेच्छा दिल्या. दूधवाल्याने दिल्या, दाताच्या डॉक्टरने दिल्या, आमच्याशी सहा वर्षं न बोलणाऱ्या वरच्या मजल्याने दिल्या. मी एकट्याने दिल्या नाहीत. अठरा तारखेला तर कहरच. '२०१४ : संपादकांनी केसांना प्रथमच कलप लावला. सर्वांनी न पाहिल्यासारखे केले.' मामा, आमचे संपादक स्वतःच्या हाताने रोज पान सहावर सही करतात. त्यांनी ते वाचूनच सही केली. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाले, कुठल्यातरी जुन्या काळच्या मोठ्या संपादकाबद्दल असेल असं वाटलं.

हे सगळं चाललेलं असताना मी मात्र सुखात. कारण इस्पितळात आमचा अंक येत नाही, समोरच्या दैनिकाचा येतो, आणि समोरच्यांचं सदर इतकं टुकार आहे की ते वाचून माझी जखम भराभर भरत होती. एकोणीस तारखेला दुपारी दोन वाजता बायको आली. डबा ठेवला, डब्यावर चार-पाच अंक ठेवले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. मी अंक उघडला. मग दुसरा उघडला. तिसरा उघडल्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने स्वतःची नाडी तपासली. टाक्यांमुळे धड ओरडता येईना, हसणं तर सोडाच, आणि नर्सबाई धावत आल्या त्या मला धरण्याऐवजी विचारतात काय, की थोरले मामा म्हणजे कुठल्या घराण्यातले? (पंधरा तारखेला तुमचा उल्लेख आला होता. '२००८ : थोरल्या मामांनी कार्डावर प्रथमच दोनपेक्षा जास्त ओळी लिहिल्या.' वाचकांची समजूत अशी, की हे कुणीतरी संस्थानिक असावेत. एका शाळेने फळ्यावरही लिहिलं.)

आणि मग मला वीस तारखेचं पाकीट आठवलं. घड्याळात सव्वादोन. पान सहा आतलं पान, ते आमच्याकडे सगळ्यात आधी, चारच्या ठोक्याला छापायला सोडतात. मी ऑफिसात फोन लावला. आडवे-उभेंनी उचलला आणि माझा शब्द ऐकून न घेता आनंदाने म्हणाले, काळजी करू नका, उद्याचं पान लागलंसुद्धा, तुम्ही आराम करा. मग एक तास फोन व्यस्त. पुढे लोकांनी मला सांगितलं की तेव्हा वाचकांचे फोन येत होते, सासरेबुवांच्या तब्येतीची चौकशी करायला.

सव्वातीनला मी खाटेवरून उतरलो. अंगात इस्पितळाचा तो पाठीमागून उघडा झगा, ज्याला दोन नाड्या असतात आणि त्यातली एक तुटलेली असते. एका हाताने टाके धरले, दुसऱ्या हाताने झगा धरला, आणि जिना उतरलो. (तिसरा हात असता तर कठड्यालाही धरला असता.) बाहेर टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्या अवताराकडे पाहिलं, पत्ता ऐकला, आणि म्हणाला की तुमच्या पेपरात हल्ली इतिहास फार झकास येतो, आधी नुसत्या लढाया आणि तह असायचे. मी त्याला म्हणालो, भाऊ, गाडी हाण. त्याने हाणली. प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून एकेक देव बाहेर पडत होता. चार वाजून दहा मिनिटांनी मी छपाईघरात पोचलो. यंत्र धडधडत होतं. मी हात वर करून थांबवा म्हणून ओरडलो, आणि हात वर केल्यावर झग्याचं जे व्हायचं ते झालं. यंत्रवाल्याने यंत्र थांबवलं हे खरं, पण ते पान सहा संपल्यामुळे. पान लवकर लागलं म्हणून त्या दिवशी ते साडेतीनलाच छापायला सोडलं होतं. सगळे गठ्ठे बांधून रांगेत लावलेले. मी त्यातल्याच एका गठ्ठ्यावर बसलो. यंत्रवाल्याने स्वतःचा शर्ट काढून माझ्या पाठीवर टाकला.

आई सदर कशी वाचते हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुम्ही तिला एकोणीस वर्षं पाहिलेलं नाही म्हणून सांगतो. अंक आला की पहिलं पान न बघता सरळ पान सहा, भिंग घेऊन, ओळीखाली बोट धरून. वीस तारखेला मला हट्टाने घरी आणलेलं होतं, मी समोरच पडलो होतो. मला तिचं बोट दिसत होतं. १९६९, माणूस चंद्रावर उतरला. बोट पुढे सरकलं, खालच्या ओळीवर आलं, आणि तिथेच राहिलं. मग तिने अंकाची चार घड्यांची घडी केली, उशीखाली ठेवली, आणि उठून कुंड्यांना पाणी घातलं. मला वाटलं आता बोलेल. नाही. दुपारी वाटलं. नाही. दोन दिवस झाले, ती माझ्याशी फक्त 'गोळी घेतलीस का' आणि 'पंखा कमी करू का' एवढंच बोलते. मामा, तिने मला लहानपणी लाटण्याने मारलेलं आहे, तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो.

तेव्हा पुन्हा हात जोडून सांगतो, अंक उघडू नका. पुरवण्यांची गाडी आमच्याकडून बाराला निघते आणि तीनला तुमच्या चौकात येते. टपाल चारला. हातात एक तास आहे. तो अंक वेष्टनातच राहू द्या, बाकी सगळं पूर्वीसारखं चालू द्या. तुम्ही कार्डं लिहा, मी गुडघा कळवतो.

प्रकृतीस जपावे. तुमच्या पायांवर डोकं ठेवतो (वाकता येऊ लागल्यावर).

तुमचा,
एकुलता एक आणि सध्या पोटावर नऊ टाके असलेला भाचा

ता. क. संपादकांचा आत्ताच फोन आला. मला वाटलं, नोकरी गेली. तर म्हणतात, सदर तुफान चाललं आहे, असंच चालू ठेवा, फक्त कलपाचं सोडून. आणि वाचकांच्या मागणीवरून थोरल्या मामांचा फोटो छापायचा आहे. एखादा असल्यास, शक्यतो तरुणपणीचा, फेटा नसला तरी चालेल, गाडीवाल्याजवळ द्यावा.

ता. क. २. मामा, वरचं सगळं फाडून टाकावंसं वाटतंय. अंक उघडू नका असं मी सांगणार, आणि तुम्ही ते ऐकणार, असं होणार नाही, आणि व्हायलाही नको. त्या ओळीत काय आहे ते माझ्याकडूनच ऐका. चिठ्ठी अशी आहे, '२००६ : नव्या उपसंपादकाने रेडिओवरील दिनविशेष उतरवून घेण्यासाठी हाताला लागलेली कॅसेट लावली. ती आजीच्या आवाजाची निघाली. थोरल्या मामांनी आईला दोषी धरले. उपसंपादक गप्प राहिला.' तो उपसंपादक मी. मला सदर नवीनच मिळालं होतं, घटना कुठून आणायच्या ते कळत नव्हतं, रोज सकाळी रेडिओवर सांगायचे ते चोरून टेप करायचो. तुम्ही दारात उभे राहून आईला बोलत होतात तेव्हा मी आतल्या खोलीत होतो आणि मला बाहेर यायचं धैर्य झालं नाही. उद्या सांगू म्हणालो. मग तुम्ही येणंच थांबवलंत. एकोणीस वर्षं जगातल्या प्रत्येकाच्या चुका मी तारीखवार छापल्या आणि स्वतःची पाकिटात ठेवली. मला फार लाज वाटते. तुम्ही मला काय हवी ती शिक्षा द्या, पण आईला एक कार्ड टाका. दोन ओळींचं चालेल.

दादा,

खालचं अक्षर माझं आहे. याने नेहमीसारखं विचारलं, तुला काही लिहायचंय का, आणि मी पेन मागितलं तर तोंड उघडं टाकून बसला आहे. पत्र सगळं वाचलं. नऊ टाके नाहीत, सहाच आहेत.

कॅसेट याने पुसली हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. लावून पाहिली तर बातम्या, आणि मधेच याची शिंक. म्हणून मी तुला काही बोलले नाही. नवी नोकरी, नवं लग्न, त्यात तुझा राग, पोराचं काय झालं असतं. दोन दिवस याच्याशी बोलत नव्हते ती एवढ्यासाठीच, की आता तरी हा स्वतःहून तुला लिहितो का ते बघावं. लिहिलंन. उशिरा, पण लिहिलंन.

माझा राग त्या कॅसेटचा कधीच नव्हता. तू मला विचारलं नाहीस. एकदा म्हणाला असतास, कशी पुसली गेली गं, तर मी काहीतरी सांगितलं असतं. तू एकदम म्हणालास, तूच पुसलीस. आईचा आवाज मी पुसेन? तो राग मी एकोणीस वर्षं धरला आणि आता धरवत नाही. माझा रक्तदाब तुला माहीतच आहे.

त्या कॅसेटवर होतं काय, आठव. अकरा मिनिटं आई हेच विचारते आहे, यंत्र सुरू झालं का. तू म्हणतोस, झालंय, बोल. ती म्हणते, अरे पण काय बोलू, आणि खोकते. मग पुन्हा, सुरू आहे ना रे? मी ती इतक्यांदा ऐकली होती की मला सगळी पाठ आहे, खोकल्यासकट. पण एकटीला म्हणता येत नाही. मधलं सगळं तुझं आहे.

हे पत्र गाडीवाल्याने आणलेलं नाही, मी आणलं आहे, गाडीत त्याच्याशेजारी बसून. दाराच्या फटीतून आत सरकवते आणि पायरीवर उभी राहते. टपालाची वाट बघू नकोस. दार उघड. या वेळी पहिलं वाक्य तुझं आहे.